न्यायमूर्ती, नंबर 88

ऑक्टोबर 1978 मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या अमेरिकन फुटबॉल संघानं ॲलन पेज या आपल्या खेळाडूला मोकळं केलं. शिकागो बेअर्सनं त्यांना लगेच उचललं. मोकळ्या झालेल्या खेळाडूवर हक्क सांगायचा तर ठरलेली फी भरावी लागे. ती बेअर्सनं भरली: 100 डॉलर.

पेज तेव्हा 33 वर्षांचे होते. व्हायकिंग्जकडून ते अकरा पूर्ण मोसम खेळले होते, बारावा चालू होता. लागोपाठ नऊ वर्षं त्यांची निवड लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी, म्हणजे प्रो बोलसाठी झाली होती. 1971 मध्ये असोसिएटेड प्रेसनं त्यांना साऱ्या लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरवलं होतं. अशा माणसाला संघानं जवळजवळ फुकटात जाऊ दिलं, आणि वादाच्या मुळाशी होतं त्यांचं वजन. वजन वाढलं म्हणून घरी बसवलेले खेळाडू कोणत्याही खेळात सापडतील. पेज यांनी मात्र ते घटवलं होतं.

हे प्रकरण नीट कळायला त्यांची मैदानातली जागा समजून घ्यायला हवी. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे खरं तर दोन संघ असतात, चढाई करणारा आणि बचाव करणारा. चढाईवाल्यांचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हाती येतो आणि तो कुणाला द्यायचा, कुठं फेकायचा, हे त्यानं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. तेवढी उसंत त्याला मिळावी म्हणून त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसं भिंतीसारखी उभी राहतात. ती भिंत फोडून क्वार्टरबॅकला आडवं करायचं, हे बचावफळीच्या पुढच्या चौघांचं काम. या चौघांत मधल्या दोघांना टॅकल म्हणतात. पेज उजवे टॅकल होते. कबड्डीत साखळी तोडून निसटणारा गडी डोळ्यांपुढे आणला तर थोडी कल्पना येईल. फरक इतकाच की इथं साखळीतला प्रत्येक जण 110-115 किलोचा आणि तीच साखळी दुपारभरात पन्नास-साठ वेळा तोडायची. जाणकारांच्या मते हे काम वजनदार माणसाचं. पेज यांनी ते वेगाच्या जोरावर केलं. चेंडू हलला की समोरच्या माणसाचा हात उठायच्या आत ते त्याच्या बगलेतून पार झालेले असत.

ओहायो राज्यातलं कँटन हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव. ॲलनचा जन्म तिथला, 7 ऑगस्ट 1945 चा. वडील हॉवर्ड बार चालवत, आई जॉर्जियाना कंट्री क्लबमध्ये सेविका होती. काळ्या कुटुंबातल्या मुलासमोर तेव्हा गावात सरळ वाट एकच होती, शाळा संपली की पोलादाच्या गिरणीत नाव घालायचं. भट्टीसमोर आयुष्य काढायचं नाही, हे या मुलानं लहानपणीच ठरवलं होतं. आई शिक्षणाबाबत हटून बसणारी होती. तो तेरा वर्षांचा असताना ती गेली, पण तिचा हट्ट मागे राहिला. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल 1954 मध्ये आला, तेव्हा ॲलन आठ वर्षांचा होता. पुढे काही वर्षांनी टीव्हीवर पेरी मेसन हा काल्पनिक वकील दर आठवड्याला खटले जिंकू लागला. वकील व्हायचं हे पोराच्या डोक्यात शिरलं ते शाळकरी वयातच, फुटबॉल त्यानंतर आला. पेज पुढे अनेकदा हे सांगत, आणि त्यांचं आयुष्य पाहता त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

कँटनमध्ये व्यावसायिक फुटबॉलचं कीर्तिमंदिर आहे, हॉल ऑफ फेम. ते 1963 मध्ये उघडलं. त्याच्या बांधकामावर रोजंदारीनं काम करणाऱ्या पोरांत ॲलनही होता. पंचवीस वर्षांनी त्याचं नाव तिथंच लागलं. कादंबरीकारानं असं लिहिलं असतं तर संपादकानं ते कापलं असतं.

कँटनहून तो नोत्र दाम विद्यापीठात गेला. 1966 चा नोत्र दामचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. त्या संघात काळा खेळाडू एकच होता, ॲलन पेज. 1967 मध्ये राज्यशास्त्राची पदवी हाती आली आणि त्याच वर्षी व्हायकिंग्जनं पहिल्याच फेरीत त्याची निवड केली. विद्यापीठात तो फळीच्या टोकाला खेळायचा. व्हायकिंग्जनं त्याला आत आणून टॅकल केलं. प्रशिक्षक बड ग्रँटही त्याच वर्षी संघात नवे आले होते.

ग्रँट हा माणूस स्वतंत्र लेखाचा विषय आहे. चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. व्हायकिंग्जचं तेव्हाचं मैदान ब्लूमिंग्टनचं मेट्रोपोलिटन स्टेडियम, वर छप्पर नाही, आणि मिनेसोटातला डिसेंबर म्हणजे पारा शून्याच्या खूप खाली. पाहुण्या संघाच्या बाकांशेजारी शेगड्या धगधगत असत. व्हायकिंग्जच्या बाजूला एकही नसे, कारण ग्रँटनी त्यावर बंदी घातली होती. शेक घेणाऱ्याचं लक्ष शेगडीकडे राहतं, खेळाकडे नाही, असा त्यांचा हिशेब. समोरची माणसं हात चोळत उभी आहेत आणि आपली माणसं थंडीला ओळखही देत नाहीत, हे दृश्य पाहूनच प्रतिस्पर्धी अर्धा खचायचा.

या मैदानावर पेज, कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन ही चौकडी उभी राहिली. गणवेश जांभळा, म्हणून 1958 च्या एका गंमतगाण्यावरून लोकांनी त्यांना ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणायला सुरुवात केली. माणसं खाणारे जांभळे. क्वार्टरबॅकपाशी भेटू, हे त्यांचं आपसातलं ब्रीद. 1969 ते 1976 या आठ मोसमांत व्हायकिंग्जनं चार वेळा सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना गाठला आणि चारही वेळा ते हरले: कॅन्सस सिटीकडून, मायामीकडून, पिट्सबर्गकडून, ओकलंडकडून. मिनेसोटातली जुनी माणसं आजही हा विषय निघाला की दुसरं काहीतरी बोलू लागतात.

1971 च्या डिसेंबरमध्ये डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यात पंचांनी पेज यांच्यावर लागोपाठ दोन वेळा नियमभंगाचा दंड ठोठावला. पेज यांच्या मते दोन्ही निर्णय चुकीचे होते. पंचांशी हुज्जत घालायची सोय या खेळात नाही. पुढच्या काही चालींत मैदानावर जे घडलं त्याची चित्रफीत आजही दाखवतात. चेंडू हलतो आणि चढाईच्या फळीमागे पेज दिसतात. पुन्हा हलतो, पुन्हा तेच. क्वार्टरबॅक पडतो, चेंडू घेऊन धावणारा जागीच आडवा होतो. अन्याय झाला असं वाटलं की हा माणूस कसा वागतो, याचा तो नमुना होता. आवाज चढवायचा नाही, पण सोडायचंही नाही. त्या मोसमाअखेर लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्यांचं नाव जाहीर झालं. हा मान सहसा क्वार्टरबॅकला जातो, फार तर चेंडू घेऊन धावणाऱ्याला. त्या यादीत बचावपटू शोधायला गेलं तर पेज आणि 1986 चे लॉरेन्स टेलर, हीच दोन नावं हाती लागतात.

मैदानाबाहेर याच काळात दुसरा सामना चालू होता. त्या वेळच्या लीगमध्ये करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. तो दुसऱ्या संघात गेलाच, तर नव्या संघानं जुन्या संघाला भरपाई द्यायची, आणि ती किती हे दोघांचं जमलं नाही तर लीगचे आयुक्त पीट रोझेल ठरवणार. याचं नाव रोझेल नियम. भरपाई किती पडेल याचा भरवसा नसल्यामुळे दुसरा संघ हात लावायलाच धजायचा नाही. कागदावर मोकळीक, व्यवहारात वेठ. पेज 1970 पासून खेळाडू संघटनेत व्हायकिंग्जचे प्रतिनिधी होते आणि पुढे संघटनेच्या कार्यकारिणीवर आले. 1974 च्या उन्हाळ्यात खेळाडूंनी संप केला. घोषणा होती, स्वातंत्र्य नाही तर फुटबॉल नाही. प्रेक्षकांना वाटलं, पैशांसाठी चाललंय. मागण्यांच्या यादीत पैसे होतेच, पण रोझेल नियम रद्द करण्याबरोबरच दंड, संचारबंदी, परस्पर केलेली अदलाबदल असे विषयही होते. म्हणजे मालकाचा हात खेळाडूच्या आयुष्यात कुठवर पोचणार, हा मुद्दा. संप फसला. खेळाडू काही आठवड्यांत परतले.

पण कोर्टातली बाजू फसली नाही. जॉन मॅकी या खेळाडूच्या नावानं ओळखला जाणारा खटला मिनियापोलिसच्या फेडरल न्यायालयात चालला आणि डिसेंबर 1975 च्या अखेरीस न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी रोझेल नियम बेकायदा ठरवला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयानंही तो उचलून धरला नाही. संपानं जे जमलं नाही ते कायद्याच्या कलमानं जमलं. आणि हे घडत असताना त्याच शहरात, मिनेसोटा विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये, पहिल्या वर्षाच्या वर्गात एक 30 वर्षांचा विद्यार्थी बसला होता. त्याचा रविवारचा व्यवसाय क्वार्टरबॅक पाडण्याचा होता.

हा पेज यांचा दुसरा प्रयत्न. साठच्या दशकाच्या शेवटी त्यांनी सेंट पॉलच्या विल्यम मिचेल कॉलेजात नाव घातलं होतं आणि तीन आठवड्यांत ते काढूनही घेतलं होतं. 1975 मध्ये मात्र ते पूर्ण वेळ विद्यार्थी झाले, फुटबॉल न सोडता. सकाळी वर्ग, दुपारी सराव, रात्री खटल्यांचं वाचन, शनिवारी विमान. खेळाडूंचं पदवीशिक्षण हा अमेरिकेत बऱ्याचदा थट्टेचा विषय असतो. इथं थट्टेला जागा नव्हती. लॉ स्कूलमधले प्राध्यापक भर वर्गात नाव घेऊन उभं करतात आणि खटल्याचा मुद्दा विचारतात. उत्तर आलं नाही तर प्रो बोलचा काही उपयोग होत नाही. 1978 मध्ये पेज कायद्याचे पदवीधर झाले.

त्याच दिवसांत त्यांना धावण्याचा नाद लागला. पत्नी डायन यांना सिगारेट सोडायची होती, म्हणून त्या धावू लागल्या आणि पेज त्यांना सोबत म्हणून निघाले. डायन यांची सिगारेट सुटली, यांना मात्र धावण्याचं व्यसन लागलं. आठवड्याला कित्येक मैल धावणाऱ्या माणसाच्या अंगावर 110 किलो कसे टिकणार? वजन उतरत उतरत 100 किलोच्या आसपास आलं. पेज यांचं म्हणणं होतं की आपण अधिक चपळ झालो आहोत, दम वाढला आहे, झालंच तर बरंही वाटतं. ग्रँट यांना ते पटत नव्हतं. त्यांच्या लेखी समोरची फळी वर्षागणिक जड होत चालली होती आणि आपला टॅकल हलका. पेज पूर्वीसारखे खेळत नाहीत, असं त्यांनी उघड सांगितलं आणि मोसम चालू असतानाच त्यांना काढून टाकलं.

ग्रँट यांना खलनायक करायची गरज नाही. संघ चालवणाऱ्याला आकडे पाहावे लागतात, आणि त्या वर्षी पेज यांचा खेळ 1971 सारखा नव्हता, हे खरंच आहे. पण एवढ्यानं प्रकरण संपत नाही. लॉ स्कूल, संघटना, धावणं हे सगळं एकाच माणसात साठत गेलं आणि तो माणूस संघाच्या साच्यात मावेनासा झाला, असं मला वाटतं. शेगडीवर बंदी घालणारा प्रशिक्षक सगळ्यांनी सारखं असावं या तत्त्वावर संघ उभा करतो. त्यात एक जण स्वतःचं शरीर किती किलोचं असावं हे स्वतः ठरवू लागला, की तो वजनाचा प्रश्न राहत नाही.

शिकागोत बचावाची सूत्रं बडी रायन यांच्याकडे होती. ते आधी व्हायकिंग्जच्याच पुढच्या फळीचे प्रशिक्षक होते, त्यामुळे पेज यांना पुरते ओळखून होते. त्यांना हा हलका टॅकल हवाच होता. पेज बेअर्सकडून 1981 पर्यंत खेळले आणि क्वार्टरबॅकला तब्बल 40 वेळा पाडलं. त्या काळी लीग या पाडण्याची, सॅकची, अधिकृत नोंद ठेवत नसे. ती 1982 पासून सुरू झाली. नंतरच्या अभ्यासकांनी जुन्या नोंदी तपासून पेज यांच्या नावावर एकूण 148.5 सॅक मोजले. पहिल्या सामन्यापासून निवृत्तीपर्यंत ते सलग 218 सामन्यांत मैदानात उतरले, एकही चुकवला नाही. 100 डॉलरमध्ये बेअर्सना काय मिळालं, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. दरम्यान 1979 मध्ये पेज यांनी पूर्ण मॅरेथॉन पार केली. लीगमध्ये खेळत असताना असं करणारे ते पहिलेच.

त्याच वर्षी ते मिनियापोलिसच्या लिंडक्विस्ट अँड व्हेनम या वकिलांच्या कचेरीत रुजू झाले. खेळाडू संघटनेचं कायद्याचं काम पाहणारी कचेरी हीच. संघटनेचे प्रमुख एड गार्व्ही याच कचेरीतून पुढे आले होते. मोसम असेल तेव्हा शिकागोत खेळायचं, संपला की मिनियापोलिसला येऊन कामगार कायद्याच्या फायली उघडायच्या. म्हणून निवृत्तीनंतर काय, हा प्रश्न 1981 मध्ये त्यांना पडलाच नाही. बहुतेक खेळाडू ज्या दिवसाला घाबरतात तो दिवस त्यांच्यासाठी दोन नोकऱ्यांतली एक सुटल्याचा दिवस होता. 1985 मध्ये ते राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात गेले आणि पुढची काही वर्षं सरकारी वकील म्हणून शांतपणे काम करत राहिले.

1988 मध्ये हॉल ऑफ फेमचं बोलावणं आलं. व्हायकिंग्जनं त्यांचा 88 नंबर कायमचा निवृत्त केला तोही त्याच वर्षी. कँटनच्या सोहळ्यात प्रत्येक मानकऱ्याची ओळख त्याच्या पसंतीच्या माणसानं करून द्यायची पद्धत आहे. बाकीचे आपला प्रशिक्षक किंवा जुना सहकारी आणतात. पेज यांनी विलरीन बीझली यांना आणलं. त्या मिनियापोलिसच्या नॉर्थ हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. फुटबॉलच्या पंढरीत शाळेच्या बाई व्यासपीठावर आल्या तेव्हाच पुढच्या भाषणाचा रोख कळायला हवा होता.

भाषणात पेज यांनी व्हायकिंग्जमधला एक प्रसंग सांगितला. पुढच्या फळीतल्या खेळाडूंना प्रशिक्षकानं प्लेबुक, म्हणजे डावपेचांची वही, मोठ्यानं वाचायला सांगितली. एकेकाची पाळी येत गेली. काहींनी घडाघडा वाचलं, काही अडखळले आणि काहींना मुळी वाचताच येईना. ही सगळी माणसं विद्यापीठांत चार-चार वर्षं काढून आलेली. कुणा एका शिक्षकानं त्यांना वाऱ्यावर सोडलं असं नाही. पहिलीपासून प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी त्यांना पुढे ढकललं होतं, कारण पोरगं खेळतं चांगलं. गौरवाच्या दिवशी, ज्या खेळाचा गौरव चाललाय त्याचंच हे वर्म काढायला धाडस लागतं.

ते भाषण देऊन थांबले नाहीत. त्याच वर्षी पेज पती-पत्नींनी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं. मिनेसोटातल्या गौरेतर विद्यार्थ्यांना शाळेनंतरच्या शिक्षणासाठी ते अर्थसाहाय्य देतं. त्यातली अट मला रकमेपेक्षा महत्त्वाची वाटते. पैसे घेणाऱ्या प्रत्येकानं वर्षाला किमान 50 तास लहान मुलांबरोबर घालवायचे, बालवाडी ते आठवीच्या मुलांना अभ्यासात मदत करायची. मोठ्या पोरांकडे पाहून लहान पोरं शिकतात, व्यासपीठावरच्या पाहुण्याकडे पाहून नव्हे, हा त्यामागचा विचार. तेव्हापासून हजारो विद्यार्थी या योजनेतून गेले.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाण्याची त्यांची गोष्ट तर अस्सल वकिली आहे. मिनेसोटात न्यायमूर्ती निवडणुकीनं येतात, निदान राज्यघटना तसं म्हणते. प्रत्यक्षात न्यायमूर्ती मुदतीआधी पायउतार होतात, गव्हर्नर रिकाम्या जागी आपल्या पसंतीचा माणूस नेमतात आणि नंतरच्या निवडणुकीत विद्यमान न्यायमूर्ती म्हणून तो सहज निवडून येतो. 1992 मध्ये न्यायमूर्ती लॉरेन्स येटका यांची मुदत संपत होती आणि पेज त्या जागेसाठी उभे राहणार होते. गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी निवृत्तिवेतनासंबंधीच्या एका कायद्याचा आधार घेऊन येटका यांना मुदतवाढ दिली. मुदतवाढ म्हणजे निवडणूकच नाही.

पेज कोर्टात गेले. ज्या न्यायालयात बसायचं त्याच न्यायालयात हा दावा. तिथल्या न्यायमूर्तींनी आपल्याच सहकाऱ्याच्या जागेचा निवाडा करणं बरं दिसलं नसतं, म्हणून निवृत्त न्यायाधीशांचं पर्यायी पीठ बसलं. मुदतवाढ टिकत नाही, निवडणूक घ्या, असा निकाल त्यांनी दिला. नोव्हेंबरमध्ये पेज निवडून आले. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात, किंबहुना त्या राज्यातल्या कोणत्याही राज्यव्यापी निवडणुकीच्या पदावर, काळा माणूस बसला तो पहिल्यांदाच. 1998 मध्ये ते पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांना राज्याच्या तोवरच्या इतिहासात कुणाही उमेदवाराला पडली नव्हती इतकी मतं पडली. ही मतं फुटबॉलची होती की न्यायाची? दोन्हीची असणार. त्यांनी स्वतः प्रचारात जर्सी घातली नाही. बो टाय हीच त्यांची खूण होती, आणि न्यायासनावरून ते मोजकं, खालच्या आवाजात बोलत.

बावीस वर्षांत एक काम असं आलं की साऱ्या देशाचं लक्ष त्यांच्या टेबलाकडे लागलं. नोव्हेंबर 2008 च्या सिनेट निवडणुकीत नॉर्म कोलमन आणि अल फ्रँकन यांच्यात सुमारे 29 लाख मतांमागे अवघ्या काहीशे मतांचा फरक पडला. आधी कोलमन पुढे होते, फेरमोजणीत फ्रँकन पुढे गेले आणि प्रकरण कोर्टात आलं. मुख्य न्यायमूर्ती आणि आणखी एक न्यायमूर्ती मतमोजणी मंडळावर असल्यामुळे बाजूला झाले. उरलेल्या पाचांत पेज ज्येष्ठ, म्हणून सुनावणीची सूत्रं त्यांच्याकडे आली. खटला चालवणारे तीन न्यायाधीशही त्यांनीच नेमले होते. 30 जून 2009 रोजी पाचही जणांनी एकमतानं निकाल दिला. फ्रँकन 312 मतांनी विजयी. वॉशिंग्टनमधल्या बहुमताचं गणित या जागेवर अडलेलं असूनही त्या दिवशी कोलमन यांनी हार मान्य केली आणि पुढे कुणी अपिलात गेलं नाही. निकालपत्रावर एका न्यायमूर्तीचं नाव नव्हतं, ते साऱ्या न्यायालयाच्या नावानं निघालं.

मिनेसोटात न्यायाधीशांना सत्तरीला निवृत्त व्हावं लागतं. ऑगस्ट 2015 मध्ये पेज निवृत्त झाले.

त्यांच्या लोकांपुढच्या आयुष्याबरोबर घरात एक संग्रह वाढत होता. माजी खेळाडूच्या घरी जर्सी, चषक आणि सह्या केलेले चेंडू अपेक्षित असतात. पेज दांपत्यानं गुलामगिरीच्या आणि वर्णभेदाच्या काळातल्या वस्तू जमवल्या. कुणी कुठं पाणी प्यायचं, कुणी कुठं बसायचं हे सांगणाऱ्या पाट्या होत्या, आणि अब्राहम लिंकन यांची अंत्ययात्रेची रेल्वेगाडी गेली तेव्हा सामान्य माणसांनी हाती धरलेला एक कापडी फलकही होता. आम्ही तुम्हाला विसरणार नाही, अशा अर्थाची त्यावरची अक्षरं. जानेवारी 2018 मध्ये मिनियापोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात या संग्रहाचं ‘टेस्टिफाय’ नावानं प्रदर्शन भरलं. ती वेळ मुद्दाम साधलेली होती. फेब्रुवारीत सुपर बोल याच शहरात होता आणि साऱ्या देशातून फुटबॉलवेडे तिथं लोटणार होते.

त्याच्या आदल्या वर्षी दक्षिण मिनियापोलिसमधल्या एका माध्यमिक शाळेचं नाव बदललं गेलं. शाळा अलेक्झांडर रॅम्झी यांच्या नावाची. 1862 च्या युद्धात डकोटा या मूळ निवासी लोकांचा एकतर संहार करा, नाहीतर त्यांना राज्याच्या सीमेबाहेर हाकला, असं विधिमंडळाला सांगणारे हे गव्हर्नर. विद्यार्थ्यांनी विषय उचलून धरला, नावं सुचवली, मतं टाकली आणि शाळा जस्टिस पेज मिडल स्कूल झाली.

शाळकरी पोरांना पेज यांच्या निकालपत्रांशी काही देणंघेणं नसतं. त्यांची नजर जाते ती डाव्या हाताच्या करंगळीकडे. मैदानावर ती पुन:पुन्हा निखळली आणि शेवटी मधल्या पेराशी काटकोनात वळून तशीच राहिली. हात पुढे केला की बाकीची बोटं समोर आणि करंगळी रस्ता दाखवल्यासारखी बाजूला. दुखतं का, सरळ होते का, हातमोजा कसा घालता, प्रश्नांना अंत नाही. शेवटी पेज यांनी दुसरीच्या वर्गाला शिकवणारी आपली मुलगी केमी हिच्याबरोबर या करंगळीवर मुलांसाठी पुस्तकच लिहिलं. ते 2013 मध्ये आलं. पुढे त्या दोघांची आणखीही पुस्तकं आली. उत्पन्न फाउंडेशनला.

पळणंही सुटलं नाही, फक्त बाजू बदलली. ट्विन सिटीज, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांची, मॅरेथॉन त्यांच्या घराजवळून जाते. त्या दिवशी न्यायमूर्ती रस्त्याच्या कडेला उभे राहून धावणाऱ्यांसाठी सूझाफोन वाजवतात. गळ्यात अडकवायचा तो अवाढव्य पितळी भोंगा.

सप्टेंबर 2018 च्या अखेरीस डायन गेल्या. 45 वर्षांचा संसार होता. पुढच्या सहा-सात आठवड्यांत, 16 नोव्हेंबरला, व्हाइट हाउसमध्ये पेज यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा देशातला सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी उचललेलं काम मात्र अजून तडीला गेलेलं नाही. जानेवारी 2020 मध्ये पेज आणि मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील काश्कारी यांनी राज्यघटनेतच दुरुस्ती सुचवली. काश्कारी यांचे आई-वडील काश्मीरहून अमेरिकेत गेलेले आणि नीलचा जन्म ॲक्रनचा, म्हणजे कँटनच्या शेजारच्याच गावचा. मिनेसोटाच्या 1857 च्या घटनेत शिक्षणाचं कलम आहे. त्यात विधिमंडळानं राज्यभर एकसारखी सार्वजनिक शाळाव्यवस्था उभारावी असं म्हटलं आहे. कर्तव्य व्यवस्थेचं, मुलाचा हक्क नाही. व्यवस्था आहे, शाळा उघड्या आहेत, आणि तरीही गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या निकालांतली दरी देशातल्या सर्वांत रुंद दऱ्यांपैकी एक. दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क आहे असं घटनेत लिहा, म्हणजे तो मिळाला नाही तर आईबापांना कोर्टाचं दार ठोठावता येईल, असा या दुरुस्तीचा आशय.

सगळ्यांत कडवा विरोध झाला तो राज्यातल्या शिक्षकांच्या संघटनेकडून. जुन्या कलमातले शब्द काढले तर सार्वजनिक शाळांचा आधारच जाईल आणि सरकारी पैसा खासगी शाळांकडे वळवायला वाट मोकळी होईल, अशी त्यांना धास्ती. ही धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पेज यांचं उत्तर वकिलाचं आहे. आहे ते कलम दीडशेहून अधिक वर्षं त्या मुलांच्या कामी आलेलं नाही, मग ते जसंच्या तसं राखून नेमकं कुणाचं भलं होणार? घटनादुरुस्तीचा प्रश्न मतदारांपुढे ठेवायचा तर आधी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी त्याला संमती द्यावी लागते. त्यासाठी ऐंशीच्या उंबरठ्यावरचे न्यायमूर्ती राजधानी सेंट पॉलमध्ये आमदारांच्या भेटी घेत राहिले.